काटेरी लगामाने घोडा आवरत नाही, उधळतो

लग्नसराई आली की नागपुरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर हटकून फिरतो. सार असं: घोड्याला मालक कोण ते दाखवावंच लागतं; काटेरी लगाम घाला, मान छातीशी बांधा, चुकला की चाबूक ओढा, आठ दिवसांत घोडा तयार. ‘मायेने शिकवा’ हे म्हणे गोऱ्यांचं फॅड. एकेक मुद्दा घेऊ.

आधी काटे. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये नुसत्या हिरडीची मोकळी जागा असते. लगामाची दांडी तिथे आणि जिभेवर टेकते. त्या हिरडीखाली लगेच हाडाची धार. तिथे काटा रुतला की घोडा काय करेल? दुखलं की पळायचं, हा त्याचा पिंड. तो मान वर फेकतो, तोंड वासतो, जीभ दांडीवरून काढून घेतो आणि सुटतो. वरचा माणूस आणखी खेचतो, घोडा आणखी पळतो. कायद्याचं म्हणाल तर, ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांतच काटेरी लगामाला मनाई आहे.

छातीला टेकलेली मान फोटोत रुबाबदार दिसते, एवढंच. अभिजात घोडेस्वारीत कानांमागचा माथा सर्वांत उंच आणि कपाळ-नाकाची रेघ ओळंब्याच्या किंचित पुढे हवी. घोडा श्वास फक्त नाकाने घेतो. मान दुमडली की घशाशी हवेची वाट आवळते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना तर विचारूच नका. शिवाय उभ्या घोड्याचं जवळपास ६० टक्के वजन मुळातच पुढच्या पायांवर असतं. मागचे पाय पोटाखाली येऊन भार उचलू लागले की मान आपोआप कमान धरते. अठराव्या शतकात फ्रान्सचे घोडेस्वारीचे गुरू ला गेरिनिएर यांनी खांदा आत घेऊन तिरकं चालवण्याचा व्यायाम बसवला तो यासाठीच. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये लिपिझानर जातीचा घोडा पूर्ण तयार व्हायला काही वर्षं जातात. मान दोरीने बांधणं म्हणजे निकालाआधी पेढे वाटणं.

आता आठ दिवस. एवढ्यात घोडा खचतो, आणि खचलेला घोडा शहाण्यासारखाच दिसतो. शिकवायचं असेल तर थांबण्यापासून सुरुवात करा. मांड खोल बसवा, श्वास सोडा, मग बोटं हळूच मिटा, खेचू नका. पाऊल थांबलं त्याच क्षणी बोटं उघडा. घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटण्यातून शिकतो. तीन-चार सेकंद उशीर झाला आणि तोवर त्याने मान झटकली, तर ‘मान झटकली की सुटका’ हाच धडा त्याच्या डोक्यात बसतो. दहा-पंधरा मिनिटं पुरे. जमलं की लगेच खाली उतरा. पावलागणिक टाच मारणाऱ्यांची तक्रार असते की घोडा मठ्ठ आहे. मठ्ठ कसला! न संपणारी टाच ऐकायची नाही, हे तो नीट शिकलाय. कातडीवर माशी बसली तरी तेवढाच भाग थरथरवणारं जनावर आहे हे.

चाबकाबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. अभिजात पद्धतीचे स्वारही छडी बाळगतात. ती टाचेमागे हलकीच टेकवून पाय कुठला ते सांगायला. आणि माया म्हणजे लाड नव्हे. अंगावर रेलणाऱ्या घोड्याला दर वेळी न चुकता मागे सारावंच लागतं.

गोऱ्यांचं फॅड? इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीसच्या झेनोफन या सेनानी-लेखकाने लिहून ठेवलंय की बळजबरीने करवून घेतलेलं घोड्याला उमगत नाही. आपल्याकडे शालिहोत्राच्या नावाने अश्वविद्येची आख्खी परंपरा आहे.

एक धास्ती मात्र खरी: डीजेपुढे बिथरलेला घोडा वरातीत माणसं तुडवू शकतो. त्यावर काटे हा उपाय नाही, सराव आहे. आवाज लांबून, बारीक ठेवून सुरू करायचा. कान सैल पडून घोडा चघळू लागला की बंद. दुसऱ्या दिवशी थोडा जवळ. आणि वरातीसाठी घोडा ठरवायला जाल तेव्हा झूल, कलगी नंतर बघा. घोडेवाल्याला आधी लगाम काढायला लावा. ओठांच्या कोपऱ्यात खपली, चीर किंवा पांढरे केस दिसले तर विसार देऊ नका.