अर्धा सेकंद उशीर झाला म्हणून
‘कोड सगळ्यांसमोर उघडा असला की चोराचं फावतं’ हे खुल्या सॉफ्टवेअरवरच्या लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण आठवा. एक्सझेड ही फायली आकसवणारी खुली लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात असा तयार कोड; तिच्यात कुणीतरी चोरदरवाजा, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, बसवला होता. सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला शंका आली आणि खणत खणत तो चाचणीच्या फायलींत दडवलेल्या चोरदरवाजापर्यंत पोचला. कोड कुलपात असता तर खणला असता कुठून? खरं दुखणं वेगळंच आहे. ती लायब्ररी एकटा माणूस, तोही बिनपगारी, सांभाळत होता; दमलेल्या त्या माणसाचा विश्वास चोरदरवाजा बसवणाऱ्याने दोनेक वर्षं इमानदारीचं काम दाखवून कमावला. तिच्यावर धंदा उभारणाऱ्या कंपन्यांनी पेटंटच्या वकिलांवरचा थोडा खर्च इकडे वळवावा, अगदी कळकळीने सांगतो.