पार्किंग लॉटवर लावलेली चिठ्ठी

खूप दिवस हे लिहायचं मनात होतं आणि टाळत होते, कारण ज्या स्वयंसेवी संस्थांच्या क्षेत्राने सोळा वर्षं पोटाला दिलं, माणसं दिली, त्याच्याबद्दल चारचौघांत बोलायचं म्हणजे घरचं भांडण चव्हाट्यावर आणल्यासारखं वाटतं. पण आज लिहितेच.

मी ज्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मुंबई ऑफिसात होते तिचं नाव घेत नाही, मुद्दा नावाचा नाहीये. ऑफिस अंधेरीला, काम गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत. एका वर्षी आम्हा सगळ्यांना कर्जतला रिट्रीटला, म्हणजे ऑफिसबाहेरच्या दोन दिवसांच्या शिबिराला नेलं. सत्र घ्यायला बाहेरून फॅसिलिटेटर आल्या होत्या, त्यांनी पिवळ्या स्टिकी नोट्स वाटल्या आणि सांगितलं, आपल्या संस्थेची मूल्यं कोणती ते लिहा. भराभर चिठ्ठ्या लागल्या भिंतीवर. इंटिग्रिटी, रिस्पेक्ट, अकाउंटेबिलिटी. आमची एक फील्डवरची ताई होती, मूळची जालन्याकडची, शिवाजीनगरात टीबीच्या पेशंटचा पाठपुरावा करायची, तिने मराठीत लिहिलं, "वेळेवर पगार". फॅसिलिटेटरनी कोणाकडून तरी अर्थ विचारून घेतला, म्हणाल्या हा व्हॅल्यूजचा नाही, एचआरचा विषय आहे, आणि ती चिठ्ठी काढून बाजूच्या "पार्किंग लॉट" लिहिलेल्या चार्टवर लावली. ट्रेनिंगवाल्यांना माहीत असेल, नंतर बोलू म्हणून जे विषय बाजूला ठेवतात ते तिथे. ते नंतर काही त्या दोन दिवसांत आलं नाही. ग्रँटचं रिन्यूअल वर कुठेतरी अडकलं होतं म्हणून ताईचं तीन महिन्यांचं मानधन थकलं होतं. आम्हा ऑफिसवाल्यांचे पगार मात्र एक तारखेला झाले होते. मी त्याच हॉलमध्ये बसले होते आणि मी तोंड उघडलं नाही, हे मला अजून टोचतं.

मला एवढंच म्हणायचंय की सगळ्यांचं ध्येय एक असेल तर त्यातल्या प्रत्येकाला, अगदी शेवटच्या माणसालाही, हे चुकतंय असं म्हणायचा हक्क मिळायला हवा. आपल्याकडे झालंय उलटं. ध्येयाचं नाव घेऊनच लोकांना गप्प बसवतात. "आपण इथे पैशासाठी आलेलो नाही" हे वाक्य मी सोळा वर्षांत शंभरदा ऐकलं असेल, आणि दर वेळी ते जास्त पगारवाल्याने कमी पगारवाल्याला ऐकवलेलं होतं.

आणि बघा ना, मानधन हा किती चांगला शब्द आहे, मान आणि धन दोन्ही त्यात आहे. पण कागदावर मानधन लिहिलं की पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, बाळंतपणाची रजा नाही, अकरा महिन्यांचं लेटर आणि मग एक महिना ब्रेक. आपण मराठी माणसं सेवादल, श्रमदानाची शिबिरं, आनंदवन हे ऐकत वाढलो, कार्यकर्ता म्हणजे मागत नाही तो, हे आपल्यात मुरलंय. मला त्या परंपरेबद्दल मनापासून आदर आहे. पण बाबा आमटे स्वतः कुटुंबासकट आनंदवनातच राहिले, तिथे झीज वरपासून होती. इथे ती फक्त खालच्यांकडून अपेक्षित आहे.

याचा शेवट कुठे होतो ते जगाने बघितलंय. ऑक्सफॅम ही ब्रिटनमधली मदतसंस्था १९४२ साली दुष्काळात उपाशी मरणाऱ्या ग्रीसला अन्न पोचावं म्हणून सुरू झाली, इतकं स्वच्छ कारण. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला, मदतीला गेलेल्या त्यांच्या काही कर्मचाऱ्यांवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले, २०११ मध्ये अंतर्गत चौकशी झाली, चौघांना काढलं, कंट्री डायरेक्टरसह तिघांना राजीनामा देऊन जाऊ दिलं, आणि बाहेर सगळं कळलं ते थेट फेब्रुवारी २०१८ मध्ये, "द टाइम्स"ने छापल्यावर. पुढे जून २०१९ मध्ये ब्रिटनच्या चॅरिटी कमिशनने, म्हणजे तिथल्या धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने म्हटलं की तिथे वाईट वागणं खपवून घ्यायची संस्कृती होती. मला हे वाचून धक्का नाही बसला, ओळखीचं वाटलं, कारण काम एवढं मोठं चाललंय, नाव खराब झालं तर देणगी थांबेल, मग नुकसान गरिबाचंच, हा युक्तिवाद मी मुंबईत मराठी, हिंदी, इंग्लिश तिन्हीत ऐकलाय. आपल्या २०१३ च्या पॉश कायद्यात, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात, कंपन्यांच्या समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून स्वयंसेवी संस्थेच्या माणसाला घ्यायची तरतूद आहे, म्हणजे कायद्याने एवढा विश्वास टाकलाय आपल्यावर. आमच्या संस्थेतून लोक अशा समित्यांवर जात होते, आणि आमच्याच फील्डच्या मुलींना आपली समिती कोण, तक्रार कोणाकडे करायची, हे धड माहीत नव्हतं.

भाषेचंही सांगते. आमचा मंथली रिव्ह्यू इंग्लिशमध्ये, पीपीटीवर. वस्तीत पाणी दुपारी येतं म्हणून बायकांची मीटिंग चारला ठेवली ही ताईची अक्कल, पण पीपीटीवर ते "डेव्हिएशन", म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं, म्हणून लाल रंगात यायचं, कारण प्रपोजलमध्ये अकरा लिहिलंय. ती मागच्या खुर्चीवर आपलं रजिस्टर मांडीवर घेऊन बसायची, आणि तिच्याच कामावर तिच्या डोक्यावरून चर्चा चालायची. आता याच मुंबईतलं दुसरं उदाहरण घ्या. १९८४ साली स्पार्क ही संस्था सुरू झाली, भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांबरोबर, त्यातून महिला मिलन हे त्या बायकांचं संघटन उभं राहिलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी बचतीचा हिशोब ठेवला तो प्लास्टिकच्या पिशवीत रंगीत कागदाचे तुकडे टाकून, अमुक रंग म्हणजे अमुक रक्कम. म्हणजे हिशोब त्यांना कळेल असा केला, हिशोब कळावा म्हणून त्यांना बदलायला नाही लावलं. पुढे याच बायका दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्यांमधल्या लोकांना शिकवायला गेल्या. मूल्य मूल्य म्हणतात ते मला तिथे दिसतं.

हे सगळं मॅनेजमेंटच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही, तेही मान्य. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधी पुढे लहान संस्थेला द्यायला बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. २०१६ मध्ये इस्तंबूलला मोठमोठ्या देणगीदारांनी कबूल केलं होतं की २०२० पर्यंत मानवतावादी मदतीचा २५ टक्के पैसा शक्य तितका थेट स्थानिकांच्या हातात देऊ, ते काही झालं नाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, १ जुलैला यूएसएड ही त्यांची सरकारी मदतसंस्था बंदच झाली, तेव्हा तर कितीतरी जणांची कामं एका ईमेलने गेली. दबाव खरा आहे. पण कात्री लावायची वेळ आली की पहिलं नाव कोणाचं निघतं, हे तर आपण आपल्याच टेबलावर ठरवतो ना? आमच्याकडे ती वेळ आली त्या वर्षीही रिट्रीट झालं, फील्डच्या सहा जागा गेल्या.

त्या सहांत ताई होती.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला, सकाळी साडेसातला, मागे गाड्यांचा आवाज. एका पोराला शिवडीच्या टीबी हॉस्पिटलला घेऊन चालली होती, त्याची आई कामावरून सुट्टी घेऊ शकत नाही म्हणून. प्रोजेक्ट बंद होऊन दोन वर्षं झाली पण वस्तीतले लोक अजून तिलाच फोन करतात, कारण नंबर तिचाच आहे सगळ्यांकडे. मी विचारलं, ताई, भाड्याचं काय करता? म्हणाली, "जाताना त्याची आई देते, येताना माझे. मॅडम, ते जाऊ द्या, तेव्हाचा एक महिना अजून राहिलाय माझा, त्याचं कोणाला विचारू?"

मी त्या संस्थेच्या अकाउंट्सला मेल टाकलाय. दोन आठवडे झाले. उद्या परत टाकते, या वेळी मराठीत, आणि ताईला कॉपीत ठेवून.