जुना संगणक भंगारात काढायला सांगणारा तो मेसेज

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबली. तेव्हापासून नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुना संगणक आता भंगार समजा, नवा घ्या. विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या फुकटच्या लिनक्स या सिस्टिमच्या नादी लागलात तर डेटा उडेल, मराठी चालणार नाही, काळ्या पडद्यावर कमांड मारत बसाल, प्रिंटर बंद पडेल. आणि ज्याचा कोड कुणालाही बदलता येतो त्यावर बँकेचे व्यवहार करायचे का? या भीतीपोटी धडधाकट संगणक भंगारवाल्याकडे जातायत, याचा मला राग येतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘जुना संगणक भंगार’

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो. इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर त्या यादीबाहेर आहेत. म्हणजे २०१६ साली घेतलेला, ८ जीबी रॅमचा, आजही नीट चालणारा संगणक केवळ यादीत नाव नाही म्हणून बाद. लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या लिनक्स मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर बरं, आणि डिस्कवर २० जीबी जागा. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. ४ जीबीवर ब्राउझरचे वीस टॅब उघडलेत तर संगणक रखडेलच, तिथे कुठलीही सिस्टिम चमत्कार करत नाही. पण जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली, तर नव्या संगणकाच्या किमतीच्या मानाने अगदी थोडक्यात काम भागतं.

‘डेटा उडेल’

मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा हा, कारण यामुळे लोक बघायलासुद्धा धजत नाहीत. बघायला काहीही पुसावं लागत नाही. मिंट किंवा उबुंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकाराची आयएसओ फाइल, म्हणजे सगळी सिस्टिम एकत्र असलेली फाइल, त्यांच्या अधिकृत साइटवरून उतरवायची, रूफस किंवा बलेना एचर या साधनाने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची. (या कामात पेनड्राइव्ह मात्र पूर्ण पुसला जातो, त्यामुळे त्यावरचे लग्नाचे फोटो आधी दुसरीकडे ठेवा.) मग संगणक बंद करून पेनड्राइव्ह लावून सुरू करायचा आणि संगणक कशावरून सुरू करायचा ते विचारणाऱ्या बूट मेनूची कळ दाबायची. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. काही वेळात पूर्ण डेस्कटॉप समोर येतो आणि तो पेनड्राइव्ह व रॅमवरच चालतो. हार्डडिस्क जशीच्या तशी राहते.

या लाइव्ह अवस्थेत घरचं वायफाय जोडा, यूट्यूबवर आवाज येतो का ऐका, ब्लूटूथ बघा, मराठीत दोन ओळी टाइप करा. वायफाय दिसलंच नाही, तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट संगणकाला मिळेल, आणि मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडा, बऱ्याचदा तिथे ड्रायव्हर सापडतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पेनड्राइव्हवरून सगळं संथ चालतं, तो खरा वेग नव्हे. आणि बंद केल्यावर तिथे केलेलं काही शिल्लक राहत नाही.

डेटा जातो तो पुढे, कायमचं इन्स्टॉल करताना ‘डिस्क पुसून टाका’ हा पर्याय न वाचता निवडला तर. म्हणून इन्स्टॉलच्या आधी बॅकअप घ्याच. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, कारण बूटची मांडणी बदलली की विंडोज ती मागू शकतं.

‘मराठी चालत नाही’

हे साफ खोटं आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडा, इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा ठरावीक कीबोर्ड मिळतो. के, डी, एल या कळा ओळीने दाबल्या की क्त उमटतो, अगदी विंडोजमधल्या इन्स्क्रिप्टसारखाच. रोमन अक्षरांतून लिहायची सवय असेल त्यांच्यासाठी लिनक्सच्या आयबस या टायपिंगच्या साधनात फोनेटिक पद्धत आहे. लोहित आणि नोटो हे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात.

अडचण येते ती श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या जुन्या फाइलींची. त्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली आहेत, त्यामुळे फॉन्ट नसेल तर विंडोजवरही त्यांचा कचराच दिसतो. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं हाच त्यावरचा उपाय, सिस्टिम कुठलीही असो.

‘काळ्या पडद्यावर कमांड’

मेल, ब्राउझर, फोटो आणि एमएस ऑफिसच्या जागी वापरायचं लिब्रेऑफिस यांसाठी एकही कमांड लागत नाही. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं गेली कित्येक वर्षं लिनक्सवरच संगणक शिकतायत.

‘प्रिंटर बंद पडेल’

इथे मेसेज अर्धा खरा आहे. गेल्या काही वर्षांतले वायफायवाले बहुतेक प्रिंटर ड्रायव्हरशिवाय ओळखले जातात आणि एचपी स्वतः लिनक्ससाठी एचपीलिप हा ड्रायव्हर देते. पण कॅननचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे दुकानादुकानात दिसतो, तो कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट भाषेत बोलतो आणि लिनक्सवर खूप डोकं खातो. तुमच्याकडे तोच असेल तर लाइव्हमध्ये एक पान छापून बघा आणि मगच ठरवा.

‘कोड कुणीही बदलू शकतो’

बदलू शकता ती तुमची स्वतःची प्रत. मूळ प्रकल्पात बदल घ्यायचा की नाही हे सांभाळणारी माणसं ठरवतात. तरी धोका असतो, हे २०२४ च्या मार्चमध्ये दिसलं. एक्सझेड नावाच्या फाइली आवळणाऱ्या साधनावर कुणीतरी टोपणनावाने दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घुसवला. तो पकडला अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने. दूरच्या संगणकात लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा जेमतेम अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्याच संशयावरून तो मागे लागला. कोड उघडा होता म्हणून त्याला खोदता आलं आणि डेबियन (हाही लिनक्सचाच प्रकार) व उबुंटूच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत ते विष पोहोचायच्या आधीच सापडलं. ‘लिनक्सला व्हायरस लागतच नाही’ असं सांगणारेही चूक आहेत. २०१६ च्या फेब्रुवारीत खुद्द मिंटच्या साइटवर हल्ला होऊन लोकांच्या हाती खोटी आयएसओ दिली गेली होती. म्हणून फाइल उतरवल्यावर तिचा चेकसम, म्हणजे फाइल अस्सल आहे का हे दाखवणारा लांबलचक आकडा, ताडून बघा. बँकेसाठी सिस्टिमइतकंच महत्त्वाचं आहे ती अपडेट होत राहणं, आणि अपडेट बंद पडलेल्या विंडोज १० पेक्षा अपडेट होणारं मिंट केव्हाही सुरक्षित.

मेसेजमध्ये नसलेल्या अडचणी

खरी अडचण वेगळीच आहे. टॅलीप्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेलं आहे. डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर चालवणं कटकटीचं. मुलांचा व्हॅलोरंट हा गेम चालत नाही. एक्सेलमध्ये मोठे मॅक्रो असतील तर लिब्रेऑफिसमध्ये ते बिघडू शकतात. यातलं काही तुमचं रोजचं काम असेल, तर विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाका. दोन्ही एकत्र टाकल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं दिसू शकतं, कारण लिनक्स यंत्रातलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं आणि विंडोज तीच वेळ स्थानिक समजतं. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ या कमांडने एकदा ते स्थानिक वेळेवर आणलं की ही तक्रार मिटते.