हट्टी नाहीये तो, त्याची दाढ दुखतेय

आज परत तेच. गंगापूर रोडवरचा दातांचा दवाखाना, साडेदहाची वेळ चार दिवस आधी घेतलेली. फोनवरच सांगितलं होतं, मुलगा ऑटिस्टिक आहे, आठ वर्षांचा आहे, त्याला बाहेर ताटकळत ठेवू नका. ‘हो हो मॅडम, या तुम्ही.’ गेलो तर पुढे पाच पेशंट. टीव्ही मोठ्याने चालू, आतून ड्रिलचा आवाज, फिनेलचा वास. पावणेबाराला नाव पुकारलं तोवर माझं पोर कानांवर हात दाबून बाकाखाली शिरलं होतं. आणि डॉक्टर काय म्हणाले? “फार लाडावून ठेवलंय तुम्ही. धरा घट्ट.”

धरा! मागे दुसऱ्या एका दवाखान्यात धरलं होतं की. ह्यांनी हात, मी पाय, तिथल्या मुलीने डोकं. दोन मिनिटांचं काम म्हणाले होते. त्यानंतर चार महिने त्याने ब्रश तोंडाजवळ येऊ दिला नाही. अंगणवाडीच्या वयापासून जे कमावलं होतं ते सगळं त्या दोन मिनिटांत गेलं.

काय कमावलं होतं ते ऐका. आधी कित्येक आठवडे ब्रश नुसता हातात धरायचा. मग ओठांना लावायचा. मग एक दात. पुदिन्याची पेस्ट त्याला झोंबते, अक्षरशः मिरची लागल्यासारखा तळमळतो. फेस झाला की ओकारी. बिनचवीच्या, फेस न होणाऱ्या पेस्टसाठी मेन रोडपासून सिडकोपर्यंत मेडिकल पालथे घातले, सगळीकडे एकच उत्तर, ‘स्ट्रॉबेरी आहे, देऊ?’ शेवटी ऑनलाइन मागवली. आता रोज रात्री बाथरूमचा दिवा बंद, पॅसेजचा चालू. मी मागे उभी राहते, त्याचं डोकं माझ्या पोटाला टेकलेलं, आधी दोन्ही गाल तळव्यांनी जरा जोर देऊन दाबायचे, मग मटाराएवढी पेस्ट आणि वीसपर्यंत आकडे. एकवीस म्हटलं की संपलं, तोंड बंद. चूळ भरता येत नाही, म्हणून ओल्या फडक्याने पुसून घेते. याला कोणी लाड म्हणत असेल तर एक रात्र येऊन करून दाखवा.

आणि हे सगळं करूनही दाढ किडली. दिवाळीनंतर तो डाव्या गालावर स्वतःच्या मुठीने मारून घ्यायला लागला. रात्र रात्र झोप नाही. ज्याला विचारावं तो म्हणे, वागणूक बिघडलीय, थेरपी वाढवा. कोणी म्हणजे कोणीच तोंड उघडून बघितलं नाही. मीच एका रात्री तो झोपलेला असताना मोबाइलच्या टॉर्चने बघितलं, तर मागच्या दाढेला काळा खड्डा. सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे येते ना, ती. ती येताना एकही दात पडत नाही, त्यामुळे आईबापांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते! बोलता न येणाऱ्या पोराने ‘आई, दाढ दुखतेय’ हे सांगायचं तरी कसं? त्याने मुठीने सांगितलं आणि आम्ही ते वागणुकीच्या खात्यात टाकलं. हे माझ्या मनातून जात नाही.

एका ठिकाणी पहिल्या पाच मिनिटांतच म्हणाले, पूर्ण भूल देऊन सगळं एकदम उरकू. गरज असेल तर भूल द्यावीच लागते, माझी ना नाही. पण आधी त्याला नुसतं खुर्चीत बसवून तर बघा! सिल्व्हर डायमिन फ्लोराइड नावाचं औषध असतं, ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, किडीवर ब्रशने लावतात आणि कीड बहुतेक वेळा तिथेच थांबते. खड्डा खोल गेला असेल तर चालत नाही, हेही मला कळतं. किडलेला भाग काळा पडतो. पडू दे की, आतली दाढ कोण बघतंय? हे मला कोणी सांगितलं? थेरपी सेंटरच्या बाकावर बसलेल्या दुसऱ्या एका आईने. सहा दवाखाने झाले, एकाही दाताच्या डॉक्टरने याचं नावसुद्धा काढलं नाही.

2016 च्या कायद्यात 21 अपंगत्वं आहेत, त्यात ऑटिझम आहे. सिव्हिल हॉस्पिटलला खेटे घालून अपंगत्वाचं कार्ड काढलंय, पर्समध्येच असतं. ते दाखवून साधं रांगेतून आधी आत घेत नाहीत.

आणि मी मागते काय? सकाळची पहिली वेळ. तो डोळ्यांवरचा दिवा बंद. पहिल्या दिवशी त्याने खुर्चीत बसायचं, आरसा हातात घ्यायचा आणि घरी यायचं. फी पूर्ण घ्या. असे तीनचार दिवस द्या, मग तो तोंड उघडेल, माझ्यापुढे उघडतोच की! एवढ्या मोठ्या नाशकात, दातांचं कॉलेज असलेल्या गावात, पंधरा मिनिटं मिळू नयेत?

रिक्षात घरी येईपर्यंत तो गालावर मारत होता. आता पेनकिलरवर झोपलाय. उद्या दहा वाजता सातव्या दवाखान्याला फोन लावणार आहे.