हात कामात, मन कुठे? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

रोज संध्याकाळी अर्धा तास चिंता वहीत लिहून काढा, असं मी मागच्या लेखात सुचवलं होतं. ते तुम्हाला पटलं नाही. ‘हे भरल्या पोटाचे चोचले. माझी आई पहाटे चारपासून राबायची, तिला विचार करायला वेळच नव्हता. कामाला लागा, विचार आपोआप पळतील,’ असं तुम्ही लिहिलंत.

तुमच्या आईंना मी पाहिलेलं नाही, म्हणून माझ्या आजीचं सांगते. ती तांदूळ निवडायला बसली की तिचे ओठ हलायचे. बोटं सुपात फिरतायत, खडे बाजूला पडतायत आणि तोंडात एकच वाक्य, ‘तेव्हा नको म्हणायला हवं होतं.’ जमीन गहाण टाकताना कागदावर तिनं अंगठा दिला होता, त्याला वीस वर्षं उलटून गेली होती. ‘काय गं आजी?’ म्हटलं की उत्तर यायचं, ‘काही नाही, मनाशीच.’ सवयीचं काम हातांना पाठ असतं काका, डोकं मोकळंच राहतं. आजीला वेळ नव्हता हे खरं, पण तिला विचारणारंही कोणी नव्हतं.

आणि विचार हाकलून जात नाहीत. 1987 मध्ये अमेरिकेत डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं काही जणांना सांगितलं, पाच मिनिटं पांढरं अस्वल मनात आणायचं नाही, आलं तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. पुढे मोकळीक दिल्यावर तर, ज्यांना पहिल्यापासून मुभा होती त्यांच्यापेक्षा या लोकांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं.

अर्ध्या तासाची कल्पनाही माझी नाही. थॉमस बोर्कोवेक हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1983 मध्ये मांडली: चिंतेला ठरलेली वेळ, ठरलेली जागा, एरवी आलेली चिंता त्या वेळेवर ढकलायची. म्हणजे दिवसभर चिंता करत बसा असं नव्हे, त्याच्या अगदी उलट.

माझंच सांगते. नणंदेकडच्या बारशाला जमणार नाही, असा मेसेज मी केला. उत्तर आलं, ‘बरं.’ रात्री अडीच वाजता ते ‘बरं’ छातीवर येऊन बसलं. रागावल्या का? सासूबाईंना सांगितलं असेल का? उशाशी वही होती, तिच्यात एवढंच खरडलं, ‘वन्सं – उद्या साडेसहा.’ दुसऱ्या दिवशी साडेसहाला सगळं मिळून चार ओळी झाल्या. चौथी होती, ‘फोन करणे.’ फोन केला. त्या रागावल्या होत्याच. पण तो राग दहा मिनिटांच्या बोलण्याएवढा होता, रात्री मी रचला तेवढा नव्हता.

तुमचं एक मात्र मान्य. नुसतं लिहून भागत नाही, उठून काहीतरी करावंच लागतं.

त्या लेखात मी डॉक्टरांचा उल्लेख केला म्हणून ‘लोकांना वेडं ठरवू नका’ असंही तुम्ही म्हणालात. झोप, भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही पुरत नाही. त्यासाठीच 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दिला होता. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, ‘मलाही तीनला जाग येते, मी उठून कुंड्यांना पाणी घालतो.’ ते वाचून मी थांबले. पाणी घालताना मनात काय चालू असतं, हे काकूंना कधी सांगितलंत का? नसेल, तर मला लिहा. मी वाट बघते.