फौज उतरवायची, पण कोणत्या कायद्याने?

भाऊ, तुमची प्रतिक्रिया शांतपणे वाचली. तुम्ही फौजेत नोकरी केलेली आहे. माझ्या मागच्या लेखावर तुमचं म्हणणं असं, की चंद्रपूरच्या वीजकेंद्रावर सायबर हल्ला झाला तर तो शत्रूचाच हल्ला. तिथे सरळ फौज उतरवावी, वकिलांनी कायद्याचा कीस पाडत बसू नये. तुमची तळमळ मला पटते, मागणी पटत नाही.

देशाच्या आत फौज वापरायची वाट घटनेत आहेच. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने केंद्राच्या सूचीत २अ ही नोंद आली, ती नागरी सत्तेच्या मदतीला सशस्त्र दलं पाठवण्याचीच. पण १९९७ मध्ये अफ्स्पा, म्हणजे अशांत क्षेत्रात फौजेला खास अधिकार देणारा कायदा, वैध ठरवतानाही सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की लष्कराने नागरी प्रशासनाला हात द्यावा, त्याची जागा घेऊ नये.

आता प्रत्यक्ष कलमं बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १४९ नुसार जमाव पांगतच नसेल तर हजर असलेला दंडाधिकारी फौजेकडून तो पांगवू शकतो. कलम १५० तर तुमच्या ओळखीचं असेल. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल तर फौजेचा अधिकारी स्वतः पाऊल उचलतो, आणि संपर्क झाला की त्याचं ऐकतो. दोन्ही कलमं माणसांच्या जमावासाठी आहेत. सर्व्हरमध्ये घुसलेल्या व्हायरसला ती लागत नाहीत. अफ्स्पा अशांत घोषित केलेल्या क्षेत्रापुरता. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली गृह मंत्रालयाने २० डिसेंबर २०१८ ला दहा यंत्रणांना संगणकातली माहिती तपासण्याचा अधिकार दिला. त्यात लष्कराकडचं सिग्नल इंटेलिजन्स संचालनालय आहे, पण फक्त जम्मू-काश्मीर, ईशान्य भारत आणि आसामपुरतं. चंद्रपूर त्यात बसत नाही.

वीजकेंद्रासारख्या यंत्रणा जपायला याच माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ७०अ आहे, त्याखाली २०१४ पासून एनसीआयआयपीसी ही केंद्राची संस्था काम करते. हल्ला झाल्यावर धावून जायचं काम कलम ७०ब नुसार सर्ट-इन या केंद्राच्याच दुसऱ्या संस्थेचं. २०१९ पासून तिन्ही दलांची मिळून डिफेन्स सायबर एजन्सीही आहे. सीमेबाहेरच्या शत्रूला तिने जरूर उत्तर द्यावं. पण तुमच्या-माझ्या नेटवर्कमध्ये शिरायला संसदेने तिच्यासाठी कायदा केलेला नाही, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर कोणाच्याही खासगी आयुष्यात शिरायचं तर सरकारला आधी कायदा दाखवावा लागतो.

शिवाय हल्ला शत्रूचाच आहे, हे पहिल्या तासात कोण ठरवणार? १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली. २०२१ च्या मार्चमध्येही त्यावर एकमत नव्हतं. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री, आपल्या काटोलचे अनिल देशमुख, सायबर घातपाताची शक्यता सांगत होते आणि केंद्रीय ऊर्जामंत्री मानवी चूक म्हणत होते. अशा वेळी फौजेने कोणाच्या दारात उभं राहायचं होतं?

गडचिरोलीचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचं. नक्षलवाद्यांच्या हातात बंदुका होत्या, पोलीस मरत होते, तरी तिथे अफ्स्पा लागला नाही. १९९० मध्ये स्थानिक पोरांमधून सी-६० हे पोलिसांचं खास पथक उभं राहिलं, सीआरपीएफ आलं, पण लढाई पोलिसांची राहिली. चूक झाली तर जाब विचारायला न्यायालय होतं, विधानसभा होती. तेवढी सोय मला संगणकाच्या लढाईतही हवी आहे. फौजेची मदत लागणारच असेल तर संसदेने तसा कायदा करावा. हुकूम कोण देणार, कोणत्या नेटवर्कपुरता, किती दिवस, आणि हाती आलेल्या लोकांच्या माहितीचं पुढे काय करायचं, हे त्यात लिहिलेलं असावं.

शेवटी तुम्ही तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या बाईंचं लिहिलंत, पीएम किसानच्या खोट्या अ‍ॅपने त्यांचं खातं रिकामं केल्याचं. ते वाचून फार वाईट वाटलं. पण ही चोरी आहे, आणि तिथे फौज काही करू शकत नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन आणि तपास, एवढाच मार्ग. अडचण पुढे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार त्या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्याच्या वरचाच अधिकारी करू शकतो, आणि आपल्याकडे खेड्यातल्या कितीतरी ठाण्यांचे ठाणेदार सहायक निरीक्षक असतात. कागद दुसरीकडे जातो, तोवर पैसे चार खात्यांतून फिरून निघून जातात. अशा ठाण्यांना सायबर तपास शिकलेला निरीक्षक द्या, ही मागणी घेऊन आमदारांकडे जाऊ. निवेदन मी लिहितो, पहिली सही तुम्ही करा.