मागची मांडणी धूसर करू नका

गेल्या वर्षी आमची डोंबिवलीची जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावी लागली आणि आईला घेऊन मी जवळच्याच एका भाड्याच्या घरात राहायला आले. नव्या ओट्यापाशी आईचे हात सतत चुकत होते. मोहरीच्या डब्यासाठी हात वर जाई तिथे खिडकीची चौकट लागे, आणि चिमटा अडकवायचा खिळा जिथे असायला हवा तिथे गुळगुळीत टाइल असे. "जुन्या मांडणीत दुसऱ्या फळीवर काय काय होतं गं?" असे तिने एकदा विचारले, आणि याचे उत्तर फोटोत नक्की मिळेल या खात्रीने मी शोधायला बसले. फोनमध्ये साडेआठ हजार फोटो होते, शिवाय लोखंडी कपाटात नऊ अल्बम होते. त्या सगळ्यांत, आम्ही चाळीस वर्षे रोज वापरलेले स्वयंपाकघर ओळखू येईल असे फोटो निघाले तीन.

त्या तिघांतला सर्वांत उपयोगी फोटो हा आमच्या घरी आजवर फसलेला मानला जात होता. धाकट्या भावाच्या वाढदिवसाचा तो फोटो आहे, पुढे केक आहे आणि मागे उभ्या असलेल्या काकांचे डोके कपाळापासून कापले गेले आहे. बाबांचा कॅमेरा साधा होता. ज्या काचेतून डोळा लावून पाहायचे ती काच भिंगाच्या वर आणि थोडी बाजूला असे, त्यामुळे डोळ्याला दिसणारी चौकट आणि फिल्मवर उमटणारी चौकट यांत फरक पडे आणि माणूस जितका जवळ तितका तो फरक वाढे. आमच्याकडे कापलेल्या डोक्यांचा एक वेगळा गठ्ठाच आहे. पण या फोटोत काकांच्या खांद्यामागे स्वयंपाकघराचे दार उघडे राहिले होते आणि त्यातून स्टीलची मांडणी, पितळी पिंप, दाराआड लटकणारी आईची पिशवी आणि भिंतीवरचे कालनिर्णय असे सगळे व्यवस्थित आले होते. भिंगातून पाहिल्यावर कालनिर्णयवरचा महिना आणि साल वाचता आले : मे १९८९. आई त्या फोटोकडे बराच वेळ पाहत राहिली आणि दुसऱ्या फळीवरच्या डब्यांची यादी तिने क्रमाने सांगितली.

मी छायाचित्रकार नाही, बँकेत नोकरी करते. पण त्या दिवसानंतर घरातले फोटो कसे काढावेत याविषयी माझे मत पुरते बदलले, आणि ते इथे सविस्तर मांडावेसे वाटते. आपले घरगुती फोटो वाईट येतात ते फोन स्वस्त असल्यामुळे नव्हे. फोटो म्हणजे कॅमेऱ्याकडे पाहणारे चेहरे, ही आपल्या मनात रुजलेली व्याख्या त्याला कारणीभूत आहे. स्टुडिओत जाऊन, रंगवलेल्या पडद्यासमोर, मान किंचित डावीकडे वळवून आणि श्वास रोखून फोटो काढून घ्यायची पद्धत आपल्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिली. पुढे घरात कॅमेरा आला तरी रोल ३६ फोटोंचा असे, तो गणपतीत घातला तर उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत पुरवायचा असे, आणि धुवायला टाकण्याचा खर्च वेगळा होई. त्या काळात भाकरी थापणाऱ्या आईवर एक फोटो खर्च करणे ही उधळपट्टीच वाटली असती, आणि बाबांना त्याबद्दल मी दोष देणार नाही. आज मात्र रोल नाही, धुलाईचा खर्च नाही, तरीही आपण मुलाला खेळातून उठवतो, "इकडे बघ, हस" म्हणतो आणि जे पाहून फोटो काढावासा वाटला होता तेच मोडून टाकतो.

याच्या उलट वागलेला एक मुलगा फ्रान्समध्ये होऊन गेला. जाक आँरी लार्तीग हा १८९४ साली जन्मला, लहानपणीच त्याच्या हाती कॅमेरा आला, आणि त्याने आपल्या घरातल्यांचे उड्या मारणे, पडणे, घरी बनवलेल्या गाड्यांतून घसरणे असे सगळे टिपून वह्यांमध्ये चिकटवून ठेवले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ते फोटो १९६३ साली मांडले गेले तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. घर श्रीमंत होते हे खरे, पण श्रीमंती सगळ्याच श्रीमंत घरांत होती. बाकीच्यांनी फोटोसाठी माणसांना उभे केले आणि या पोराने ती उभी राहण्याची वाट पाहिली नाही, एवढाच काय तो फरक.

आता शीर्षकातल्या मुद्द्याकडे येते. हल्लीच्या फोनमध्ये पोर्ट्रेट नावाची सोय असते. तिच्यात फोन चेहरा आणि त्यामागचे घर यांच्यातले अंतर हिशेबाने ठरवतो आणि मागचे सगळे पुसट करून टाकतो, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगातून जे आपसूक होते त्याची नक्कल करतो. लग्नाच्या स्थळासाठी फोटो हवा असेल तर ती सोय जरूर वापरावी. घरात मात्र मी ती बंद करून टाकली आहे, कारण आणखी वीस वर्षांनी चेहऱ्यामागचे ते धूसर काय होते हाच प्रश्न आपण एकमेकांना विचारणार आहोत. माणसाचा चेहरा शंभर फोटोंत असतो, मांडणी एखाद्याच फोटोत असते. चेहरा गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरबद्दलही माझे तेच म्हणणे आहे. आईच्या मनगटावर तव्याचा जुना चटका आहे, आणि तो नाहीसा झालेला फोटो मला कोणाचा तरी वेगळाच वाटतो.

त्याच कारणाने, फोटो काढण्यापूर्वी घर आवरून घ्या या नेहमीच्या सल्ल्याशीही माझे जमत नाही. आजोबांच्या डोक्यातून पंख्याचे पाते उगवल्यासारखे दिसत असेल तर आपण अर्धे पाऊल बाजूला सरकावे, तेवढे पुरते. पलंगावरचे न घडी केलेले कपडे, टीव्हीवर ठेवलेली औषधांची पिशवी, चार्जरची वायर हे सगळे राहू द्यावे. दोन पावले मागे जावे. याचा दुसरा फायदा असा की फोनचे नेहमीचे भिंग रुंद पट्टा टिपणारे असते, त्यामुळे अगदी तोंडाजवळ जाऊन फोटो काढला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. मागे सरकल्यावर माणूस माणसासारखा दिसतो आणि त्याच्यासोबत त्याची खोलीही येते.

राहिला प्रकाश, आणि खरे सांगायचे तर सारी कला त्यातच आहे. भाड्याच्या घरातल्या ओट्याची खिडकी पश्चिमेला आहे. सकाळी आठच्या सुमारास तिच्यातून येणारे ऊन आधी समोरच्या इमारतीच्या पांढऱ्या भिंतीवर पडते आणि तिथून मऊ होऊन आईच्या उजव्या गालावर येते. त्या वेळी मी फक्त एकच गोष्ट करते, ती म्हणजे डोक्यावरची ट्यूब बंद करते. खिडकीतला उजेड निळसर आणि घरातल्या दिव्याचा रंग वेगळा, हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की कोणता रंग खरा धरावा याचा फोनला निर्णय करता येत नाही आणि अर्धा चेहरा आजारी दिसतो. माणूस खिडकीला काटकोनात असावा आणि आपण खिडकीला पाठ किंवा खांदा देऊन उभे राहावे. आपणच खिडकीकडे तोंड करून उभे राहिलो की आई काळी आकृती होते आणि बाहेरचे आकाश मात्र उत्तम येते. अशा वेळी पडद्यावर आईच्या चेहऱ्यावर बोट ठेवले तर फोन तिच्या हिशेबाने उजेड घेतो आणि बोट थोडा वेळ दाबून ठेवले तर बहुतेक फोनमध्ये तो हिशेब पक्का होतो. फ्लॅशबद्दल एवढेच म्हणेन की हातभर अंतरावरच्या माणसाला तो पांढराफटक करतो आणि त्यामागच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. केकवरच्या मेणबत्त्या फुंकताना फ्लॅश लावणे म्हणजे ज्या उजेडासाठी सगळे दिवे मालवले तो उजेड स्वतःच्या हाताने घालवणे आहे. आणि हो, सर्वांत आधी फोनचे भिंग ओढणीने पुसावे. फोनवर बोलून, भाजी निवडून, पुन्हा फोन घेतलेल्या आपल्या बोटांचे तेल त्यावर बसलेले असते आणि आपण धुके पडल्याची तक्रार फोनच्या कंपनीकडे करत राहतो.

मुलांच्या बाबतीत तक्रार वेगळी असते, ती म्हणजे फोटो हलतो. संध्याकाळी घरात उजेड कमी असतो, म्हणून फोन एका फोटोसाठी जास्त वेळ उजेड गोळा करत राहतो, कधी एक तीसांश सेकंद, कधी त्याहूनही अधिक, आणि तेवढ्या वेळात माझी चार वर्षांची भाची पलंगावरून खाली पोहोचलेली असते. यावर नवा फोन घेणे हा एक उपाय आहे, पण मला त्याहून बरा उपाय तिच्याच खेळात सापडला. प्रत्येक हालचालीत क्षणभर थांबण्याची एक जागा असते. झोका टोकाला गेला की थबकतो, घास तोंडाशी येतो तेव्हा चमचा थांबतो, गोष्ट ऐकताना "मग?" विचारण्यापूर्वी मूल अगदी स्तब्ध होते. ती जागा येणार हे आधी कळावे लागते, आणि ते कळण्यासाठी फोन खाली ठेवून थोडा वेळ तिच्याशी खेळावे लागते. मी जमिनीवर मांडी घालून बसते आणि फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीला धरते. उभे राहून काढलेल्या फोटोंत मुलांचे भांग फार छान येतात, बाकी काही येत नाही. भाचीने सुरुवातीला दोन-चार वेळा "आत्या, काढू नकोस" म्हटले, तेव्हा मी काढला नाही, आणि कदाचित त्यामुळेच आता ती माझ्याकडे लक्ष देत नाही.

यातून एक गोष्ट निघते, जिच्यावर मी अजून विचार करत आहे. न सांगता काढलेला फोटो चांगला येतो हे खरे, पण न सांगता काढण्याचा हक्क मला कोणी दिला? आई दिवसभर घरात गाऊनमध्ये असते, केस वर बांधलेले असतात, आणि मी फोन उचलला की ती म्हणते, "अगं, या अवतारात नको." नऊ अल्बमांमध्ये आईचे जेवढे फोटो आहेत त्यांत ती साडीत आहे, मंगल कार्यालयात आहे आणि दमलेली आहे. ज्या वेशात तिने आयुष्यातले सर्वांत जास्त तास काढले त्या वेशातला तिचा एकही फोटो नाही, कारण तो वेश दाखवण्यासारखा नाही असे तिला वाटते. हे वाटणे तिच्या एकटीचे नाही, तुमच्यापैकी अनेकींच्या घरी हेच वाक्य रोज ऐकू येत असेल. मी तिच्याशी वाद घातला नाही. आधी काही आठवडे तिचे फक्त हात टिपले : लसूण सोलताना, पोळीला तेल लावताना, पेपरातले शब्दकोडे सोडवताना. ते तिला दाखवले. मग एकदा तिनेच विचारले, की नुसते हातच का काढतेस. आता आमच्यात ठराव असा आहे की फोटो आधी तिला दाखवायचा, ती नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसायचा, आणि गाऊनमधला कोणताही फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जाणार नाही. म्हणूनच या पोस्टसोबत मी एकही फोटो टाकलेला नाही. न्हाऊ घातलेल्या लहान मुलांचे फोटो कौतुकाने सगळीकडे टाकणाऱ्या मंडळींनीही असा ठराव करून पाहावा, मुलाला अजून नाही म्हणता येत नाही एवढाच काय तो अडथळा आहे.

ग्रुपचा विषय निघालाच आहे तर सांगते. व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे पाठवलेला फोटो आकाराने आक्रसतो आणि तो कोणत्या दिवशी, किती वाजता काढला ही त्याच्या पोटात लिहिलेली माहितीही गळून पडते. भावाने पाठवलेले भाचीच्या बारशाचे फोटो माझ्या फोनमध्ये ते पोहोचले त्या दिवसाच्या तारखेने बसले आहेत. जपून ठेवायचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो जसाच्या तसा पोहोचतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फोटो पुसायला हवेत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी तासभर बसते आणि एकाच प्रसंगाच्या बारा फोटोंतला एक ठेवते. ज्यात सगळ्यांचे डोळे उघडे आहेत तो फोटो नेहमीच ठेवण्यासारखा असतो असे नाही. उरलेल्यांतले आठ-दहा कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून पोस्टकार्ड आकारात छापून आणते आणि मागे पेन्सिलने तारीख, जागा आणि नावे लिहिते. पेन्सिलनेच, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. बाबांनी एकाही फोटोमागे काही लिहिले नव्हते, नाहीतर मला कालनिर्णय वाचत बसावे लागले नसते.

मागच्या महिन्यातल्या गठ्ठ्यात आईचा ओट्यापाशी उभा असलेला पहिला पूर्ण फोटो होता, तिच्या परवानगीने काढलेला. गाऊन, खांद्यावर पंचा, आठ वाजताचा उजेड, कढईतून निघणारी वाफ, आणि मागे आम्ही दोघींनी नव्याने लावलेल्या डब्यांची फळी, एकही डबा धूसर नाही. मला तो फार आवडला होता, म्हणून मी तो सर्वांत वर ठेवून तिच्या हातात दिला. तिने चष्मा चढवला, फोटो खिडकीकडे तिरपा धरला आणि स्वतःकडे अजिबात न पाहता म्हणाली, "मोहरीचा डबा तू परत वरच ठेवलास की गं."